आत्याची एकादशी आणि साडेतेरा हजार किलोमीटर

जाताना आत्याला १६ तास ५ मिनिटं लागली, येताना २० तास ४० मिनिटं. विमानतळ तेच दोन, मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को. विमानही त्याच जातीचं, बोइंग ७७७. मधल्या साडेपाच महिन्यांत दोन्ही गावं काही जागची हललेली नाहीत. मग हे ४ तास ३५ मिनिटं आले कुठून?

प्रश्न माझा नव्हता, काकांचा होता. काका म्हणजे आत्याचे यजमान. मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. गाडी उशिरा आली म्हटलं की ते पुढच्या रकान्याकडे बघतात. कारण लिहिलेलं नसेल तर त्यांच्या लेखी ती गाडी अजून आलेलीच नसते. त्यांच्यासाठी म्हणून मी हा हिशोब मांडला. तेव्हा यात रेल्वेची भाषा जरा जास्त आली तर चालवून घ्यावी.

निमित्त नेहमीचंच, लेकीचं बाळंतपण. लेक-जावई सनीव्हेलला. आत्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारी २०२५ ला, डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि मेतकुटाच्या पुड्या दोन बॅगांत कोंबून निघाली, थेट विमानाने. मुक्कामाची सहा महिन्यांची मुदत भरायच्या आत, ५ जुलैच्या शनिवारी रात्री परत निघाली. हे परतीचं विमान कोलकात्याला थांबणारं होतं.

दुपट्याचा दोरा

डिसेंबरातली गोष्ट. आत्या ठाण्याच्या घरी बाळाचं दुपटं शिवत बसली होती. काकांनी मोबाइलवर विचारलं होतं, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को किती अंतर. उत्तर आलं होतं साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा-साडेसोळा तास. काकांना ते पटेना. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी मोजलं तर किती तरी जास्त भरत होतं.

मी लेकाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल आणला. तीस सेंटिमीटर व्यासाचा, कन्याकुमारीला पोचा आलेला. आत्याच्या रिळाचा लांबसा दोरा तोडला. काकांनी एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर. आधी नकाशावर दिसतो तसा दोरा आडवा नेला : ओदिशा, म्यानमार, दक्षिण चीन, मग पॅसिफिकचं सगळं निळं. भरला ३८ सेंटिमीटर. मग म्हटलं, आता ताणा. ताणल्याबरोबर दोरा पॅसिफिकवरून सटकला आणि वर उत्तरेला चढला. जयपूरच्या जवळून, लेहच्या अंगाने, शिनजियांग, अल्ताय पर्वत, सैबेरियात लेना नदीचं मुख, तिथून आर्क्टिक समुद्र, मग अलास्का, आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली. आता लागला फक्त ३२ सेंटिमीटर.

"म्हणजे मी उत्तर ध्रुवावरून जाणार?" आत्याने सुई थांबवली. "स्वेटर एकच घेतलाय."

ध्रुवावरून नाही, पण ७६-७७ अंश उत्तरेपर्यंत ती सरळ रेघ जाते. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी पल्ला त्याच रेघेवर मोजतात, आणि मोबाइल सांगतो ते अंतरही हेच. त्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. बत्तिसाला किंचित कमी सेंटिमीटरचे झाले १३,५०० च्या आसपास. आडव्या दोऱ्याचे होतात १६,१०० वर. सपाट नकाशाने काकांना अडीच हजार किलोमीटरला फसवलं होतं ते असं. दोऱ्यावर विश्वास नसेल तर कागदावरही येतं. दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढला की तो १२१.५ अंश भरतो. एका अंशाचे साठ सागरी मैल, एका सागरी मैलाचे १.८५२ किलोमीटर. गुणाकार करा, पुन्हा साडेतेरा हजारच. पृथ्वीवर कुठलीही दोन गावं २०,००० किलोमीटरहून फारशी लांब असूच शकत नाहीत, म्हणजे आत्याचा प्रवास जास्तीत जास्त शक्य अंतराच्या दोन-तृतीयांश होता.

वेळेचं उत्तर मात्र कच्चं असतं. असली गणकयंत्रं अंतराला ठरावीक वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. तिकिटावरची वेळ वेगळी. ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंत मोजतात, हिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रांगेत गेलेला वेळही त्यात येतो. काकांना हे समजावायला लागलं नाही. "टाइमटेबलात आम्हीही शेवटच्या दोन स्टेशनांत वेळ फुगवून ठेवतो," म्हणाले. "त्याशिवाय गाडी वेळेवर येईल कशी?"

दोऱ्यावरून विमान का जात नाही

काकांनी आलेख कागदावर कंट्रोल चार्ट आखला होता. आडवी वेळ, उभं अंतर. कंट्रोल ऑफिसात गाड्यांचा आखत तसा. विमानाचा माग दाखवणारं ॲप बघून दर तासाला पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. रेघ जितकी उभी तितका वेग जास्त, आणि गाडी थांबली की रेघ आडवी. जानेवारीची रेघ सुंदर आली, उभी आणि अखंड. दुपारी २ ला निघालेली आत्या तिकडच्या घड्याळाने त्याच दिवशी दुपारी ४:३५ ला पोचली. "अडीच तासांत अमेरिका," काका शेजाऱ्यांना सांगत होते. हिवाळ्यात दोन घड्याळांत साडेतेरा तासांचं अंतर असतं, त्यामुळे आत्याची १५ जानेवारी साडेसदतीस तासांची झाली.

पण त्या दिवशीही विमान आमच्या दोऱ्यावरून गेलं नाही. मुंबईहून पाकिस्तानवरून वर, मध्य आशिया, मग सैबेरिया, अलास्का. ॲपच्या हिशोबाने भरले सुमारे १४,०५०, म्हणजे सरळ रेषेपेक्षा साडेपाचशे किलोमीटर जास्त.

कारण लडाखच्या पुढे आहे. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून जातं आणि शिखरं तर नऊच्या आतली, तेव्हा डोंगर आडवा येत नाही, हे खरं. अडचण येते ती आतला हवेचा दाब गेला तर. डोक्यावरून जे मास्क खाली पडतात त्यांतला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटांचा. तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत, तीन किलोमीटरवर, खाली यावंच लागतं, म्हणजे माणसं साध्या हवेत श्वास घेऊ शकतात. आणि तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटर उंच! खाली यायला जागाच नाही. म्हणून त्या पठाराला एक तर पश्चिमेकडून वळसा घालायचा, पाकिस्तान-मध्य आशियातून, किंवा पूर्वेकडून, म्यानमार-चीनमधून. दिल्लीहून निघा की मुंबईहून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणाऱ्या विमानाला हा फाटा टळत नाही.

आता पश्चिमेच्या फाट्याचं फाटक बंद झालं तर?

ते २४ एप्रिल २०२५ ला झालं. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला, त्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. अशा बंदीची सूचना, जिला वैमानिक नोटॅम म्हणतात, एका वेळी महिनाभराचीच निघते आणि मुदत संपत आली की पुढचा महिना जोडतात. काकांचा शब्द मला आवडला : मेगाब्लॉक. फक्त रविवार नाही, रोजचाच.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत ते आकाश बंद होतं. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला त्यापायी ४९१ कोटी रुपयांचा फटका बसला, अशी माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती. कारण वळसा म्हणजे नुसते जास्त किलोमीटर नसतात. आत्याच्या जातीच्या विमानात, ७७७-२००एलआर मध्ये, टाक्या काठोकाठ भरल्या तर १,८१,००० लिटर इंधन मावतं. वजन सुमारे १४५ टन. उड्डाणाच्या वेळी विमानाचं जास्तीत जास्त वजन ३४७ टन चालतं, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त भार नुसत्या इंधनाचाच. तासभर जास्त उडायचं तर इंधन जास्त घ्यायचं, आणि ते जास्तीचं इंधन वाहून नेण्यात पुन्हा इंधन जळतं. शेवटी माणसं-बॅगा उतरवायच्या की मध्ये कुठे तरी थांबून टाक्या भरायच्या, एवढंच हातात राहतं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं त्या उन्हाळ्यात व्हिएन्नाला थांबू लागली. मुंबईच्या आत्याचं कोलकात्याला.

पूर्वेला का, पश्चिमेला जायचंय ना?

अमेरिका पश्चिमेला, असं आपल्या डोक्यात बसलंय. युरोपवरून जातात म्हणून. सॅन फ्रान्सिस्को मुंबईच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे तिथे जायला पूर्व-पश्चिम दोन्ही दारं सारखीच. या जोडीचं सर्वांत मजेदार उदाहरण २०१६ चं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. १६ ऑक्टोबरला एअर इंडियाने ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. वाट झाली १५,३०० किलोमीटरची, चौदाशे किलोमीटर जास्त. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर! कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलेला हिशोब असा : अटलांटिकवर समोरून ताशी सरासरी २४ किलोमीटरचा वारा, पॅसिफिकवर पाठीमागून १३८ चा. ताशी ८०० ने जाणारं विमान जमिनीच्या मापाने एकीकडे ७७६ ने जातं, दुसरीकडे ९३८ ने.

वारा म्हणजे जेट स्ट्रीम, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. तो पहिल्यांदा नीट मोजला वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. १९२६ मध्ये त्यांनी अहवाल छापला तो एस्परान्टो भाषेत, जगातल्या सगळ्यांना वाचता यावा म्हणून. वाचला जवळपास कोणीच नाही. त्यांच्या जागी मी असतो तर जपानीतच लिहून मोकळा झालो असतो.

तर जाताना हा वारा पाठीशी घ्यायचा आणि येताना चुकवायचा, हा सगळा धंदा. येताना पश्चिमेचं दार उघडं असतं तर विमान उत्तरेकडून रशिया-मध्य आशियातून घुसून वाऱ्याला बगल देतं. किंवा सरळ ध्रुवावरून. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू हे पहिलं थेट विमान असंच आलं, कॅप्टन झोया अगरवाल आणि आणखी तीन महिला वैमानिकांनी आणलेलं, साधारण सतरा तासांत. त्या वाटेची एक वेगळीच धास्ती आहे, ती म्हणजे इंधन गोठण्याची. आपल्याकडे विमानात जे भरतात ते उणे ४७ अंशांपर्यंत तग धरतं. अमेरिकेतल्या विमानतळांवर सर्रास मिळतं ते उणे ४० पर्यंतच. म्हणजे जाताना जी थंडी चालते तीच येताना चालेल असं नाही. टाकीतलं तापमान फार उतरू लागलं तर वैमानिक खाली येतो किंवा वेग वाढवतो.

आणखी एक दार रशियाचं. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. युनायटेडने तेव्हा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई-न्यूअर्क ही दोन्ही थेट विमानं थांबवली. भारतीय कंपन्यांना मात्र ते खुलं राहिलं. त्यामुळे या दोन विमानतळांमधलं 'अंतर' शेपटीवर कोणता झेंडा आहे त्यावरही ठरतं. रेल्वेत असलं काही नसतं, असं काका म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "असतं, राजधानी आली की मालगाडी लूपला."

मगादान

आत्या निघायच्या आधी काकांच्या डोक्यात खरी भीती वेगळीच होती, आणि ती मी बोलायच्या आधी त्यांनीच वाचून ठेवली होती.

६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या ७७७ च्या इंजिनात बिघाड झाला. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. दोन इंजिनांच्या विमानाला वाट आखतानाच बघावं लागतं की कुठल्याही क्षणी एका इंजिनावर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ जवळ आहे ना. त्या वाटेवर असा विमानतळ होता मगादान, रशियाच्या अतिपूर्वेला, ओखोत्स्कच्या समुद्राकाठी. स्टालिनच्या काळात कोलिमाच्या कैदछावण्यांकडे जाणारी माणसं याच बंदरात उतरवत.

विमान सुखरूप उतरलं. पण एवढ्या माणसांना पुरतील अशी हॉटेलं गावात नव्हती. काहींची सोय शाळेत आणि वसतिगृहात झाली, जमिनीवर गाद्या टाकून. भाषा कळेना, जेवण उमजेना. दुसरं विमान मुंबईहून पाठवलं, ते ८ जूनला सकाळी मगादानला पोचलं. तिथल्या घड्याळाने सकाळी १०:२७ ला सगळ्यांना घेऊन निघालं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं ते ८ जूनलाच रात्री १२:०७ ला. म्हणजे निघाले त्याच्या दहा तास वीस मिनिटं आधी पोचले! प्रत्यक्षात उडाले ७ तास ४० मिनिटं. मधली आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख एक दिवस मागे आली, एवढंच.

काकांनी पृथ्वीगोलावर मगादानला टिकली लावली होती, आत्याच्याच पाकिटातली. तिला सांगितलं नव्हतं. मला मात्र दाखवलं : तिथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे ६,३०० किलोमीटर, म्हणजे दिल्लीपासूनच्या सरळ वाटेच्या जवळजवळ निम्म्यावर. "एवढ्या लांबच्या सेक्शनात," ते म्हणाले, "एकच स्टेशन."

परतीची रेघ

५ जुलै, शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोत रात्रीचे ९ म्हणजे ठाण्यात रविवारचे सकाळचे साडेनऊ (उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे, त्यामुळे फरक साडेबाराचा). काका आंघोळ करून, चार्ट पुढ्यात घेऊन बसले होते. आणि ६ जुलै म्हणजे आषाढी एकादशी, त्यामुळे समोर साबुदाण्याची खिचडी.

पेन्सिल पुढे सरकू लागली तशी त्यांची तक्रार सुरू झाली. रेघ झोपते आहे. जानेवारीत कुठल्याशा तासात त्यांनी १,०२० लिहिलं होतं. आता आठशे सत्तर, आठशे तीस, एकदा तर ७९०. अलास्काच्या कडेने, रशियाचा पूर्व कोपरा, मग चीन, म्यानमार. तरी बरं, जुलैत जेट स्ट्रीम मंद असतो आणि उत्तरेला सरकलेला असतो. हाच प्रवास जानेवारीत असता तर रेघ आणखी झोपली असती.

रात्री सव्वा वाजता विमान कोलकात्याला उभं राहिलं आणि रेघ आडवी झाली. दहा मिनिटांनी आत्याचा फोन. खाली उतरू देत नव्हते, इंधन भरणं चाललं होतं, कर्मचारी बदलत होते.

"अहो, मी कोलकात्याला आहे. मला इथूनच उतरवून मेलमध्ये बसवलं असतं तरी चाललं असतं."

"नागपूरमार्गे एक हजार नऊशे अडुसष्ट किलोमीटर," काका झोपेतही सांगतील असं म्हणाले. "विमानाने सोळाशे सहासष्ट. बसून राहा."

कोलकाता का निवडलं असेल, हे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा दोऱ्याने पाहिलं. सॅन फ्रान्सिस्को-कोलकाता ताणलेला दोरा सुमारे १२,५८० किलोमीटरचा, आणि तो फक्त ६६ अंशांपर्यंतच वर जातो. त्यात कोलकाता-मुंबई मिळवले तर १४,२५० च्या आत. म्हणजे मुंबईच्या सरळ रेषेपेक्षा जेमतेम साडेसातशे किलोमीटर जास्त. नकाशावर भलताच वळसा वाटतो, गोलावर नाही. शिवाय शेवटचा टप्पा देशातच राहतो. तिबेटच्या पूर्व कडेने खाली उतरणाऱ्या विमानाला वाटेत भेटणारं आपलं पहिलं मोठं स्टेशन हेच.

पहाटे ३:२५ ला विमान पुन्हा हललं. सोमवारी सकाळी ६:१० ला मुंबई.

आता ते ४ तास ३५ मिनिटं. काकांच्या चार्टवरून केलेली ही फोड. कोलकात्याच्या थांब्याची नोंद पक्की आहे, बाकीचं माझं अनुमान, पण पाच-दहा मिनिटांहून जास्त चुकलेलं नसावं. कोलकात्याला उभं राहणं, २ तास १० मिनिटं. मग, एका उड्डाणाची दोन उड्डाणं केली की धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं हे सगळं दोनदा येतं. त्याचे ४० मिनिटं. परतीला विमान प्रत्यक्षात सुमारे १४,८०० किलोमीटर चाललं, जाताना १४,०५०. त्या साडेसातशे किलोमीटरचे ५० मिनिटं. उरले ५५ मिनिटं, ते वाऱ्याचे. जाताना सरासरी ताशी नऊशेच्या वर पडली होती, येताना कोलकात्यापर्यंत साडेआठशे.

काकांनी बेरीज दोनदा तपासली. जुळली. मग त्यांनी मला विचारलं की यातलं बंद आकाशाच्या खाती किती आणि वाऱ्याच्या खाती किती टाकायचं. मी म्हटलं, वारा सोडून सगळं. ते म्हणाले, वाऱ्याचंही थोडं टाक. पश्चिमेचं दार उघडं असतं तर तो चुकवता आला असता. बरोबर होतं त्यांचं.

सकाळी साडेआठला आत्या दारात. पाय सुजलेले, हातात लेकीने दिलेला बदामाचा डबा. चपला काढायच्या आधी तिने विचारलं की तिचा उपवास झाला की मोडला. विमानात तिने राजगिऱ्याच्या वड्या आणि केळी खाऊन दिवस काढला होता, पण दिवस नेमका कुठला? ५ तारखेला रात्री बसली, ७ तारखेला सकाळी उतरली. मी सांगायचा प्रयत्न केला. बेरिंगच्या समुद्राशी वाररेषा ओलांडली तेव्हा घड्याळात ५ जुलैची रात्र होती, आणि ओलांडताच ती ६ जुलैची रात्र झाली. मधला दिवस तिच्यापुरता उगवलाच नाही. कोलकात्याला उतरेपर्यंत द्वादशी लागलीसुद्धा.

"म्हणजे एकादशी फक्त रात्रीचीच होती?"

"हो. नऊ-दहा तासांची."

"मग वड्या बऱ्याच जास्त झाल्या," ती म्हणाली आणि हात-पाय धुवायला गेली. पारण्याला गरम वरणभात तयार होता.

काका अजून चार्टवरच होते. विलंबाच्या रकान्यात ४ तास ३५ मिनिटं लिहून झालं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'लाइन क्लिअर नाही' असं लिहिलं. आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात : प्रवाशाची एकादशी वाटेत गहाळ, तक्रार नाही.